पावसाळी पेरूतल्या अळ्या

श्रावणात पेरू कापला की आत वळवळ दिसते आणि लगेच प्रश्न येतो, झाडावर काय फवारू? माझं उत्तर ठरलेलं: आता काहीच नको. अळी गरात शिरल्यावर औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही, खाणाऱ्याच्या पोटात मात्र जातं.

हा उद्योग फळमाशीचा. पेरू कच्चा, गर्द हिरवा असतो तोवर ती फारशी त्रास देत नाही. रंग पोपटीकडे झुकला की सालीत सुई टोचावी तशी टोचून आत अंडी घालते. फळावर टाचणीच्या टोकाएवढा डाग दिसतो, तिथं बोट दाबलं तर मऊ लागतं. असा पेरू कापून ताटलीत ठेवून बघा. पोसलेली अळी अंगाची कमान करते आणि टुणकन उडते. तिला माती गाठायची असते. तिथं तिचा कोष होतो, गव्हाच्या दाण्यासारखा, आणि त्यातून नवी माशी.

म्हणून खरं काम झाडाखाली आहे. पडलेले पेरू रोज वेचा. उकिरड्यावर टाकू नका, तिथं अळ्यांची आयती सोय होते. दोन फूट खोल पुरा. बुंध्याभोवतीची माती अधूनमधून खुरप्यानं हलवा, कोष उघडे पडले की मुंग्या आणि पाखरं बघून घेतात.

मिथाईल युजेनॉलचा, म्हणजे वासानं माशीला भुलवणाऱ्या द्रव्याचा, सापळा जरूर लावा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ त्यातलाच. पण त्यात फक्त नर येतात, अंडी घालणारी मादी नाही. पहिल्या वर्षी सापळा भरलेला बघून मी खूश होतो, पेरू मात्र किडकेच निघाले. लावलाच होता उशिरा, फळं पिकायला लागल्यावर. महिनाभर आधी टांगा, शेजाऱ्यालाही लावायला सांगा. कारल्या-काकडीची माशी मात्र याला भुलत नाही, तिला क्यू ल्यूर या दुसऱ्या द्रव्याचा सापळा लागतो.

घरच्या एक-दोन झाडांना सगळ्यात भरवशाचं म्हणजे पिशवी. फळ लिंबाएवढं झालं की बटर पेपरची किंवा नॉन-वोव्हन पिशवी सैलसर बांधा. वर्तमानपत्राचा कागद पावसात टिकत नाही.

पुढच्या वर्षी फेब्रुवारी-मार्चमधली, म्हणजे आंबे बहाराची, फुलं खुडूनच टाका. जीव हळहळतो, पण पावसाळ्यातली ती फळं तशीही पाणचट आणि माशीच्या तावडीतली. मृगाची फुलं राखा, थंडीत पेरू गोड मिळतील.