दारापाशी बटण, सोफ्यामागे लॅम्प: या चुका टाळा

आपल्याकडे सॉकेटच्या शेजारीच बटण असतं, मग दारापाशी वेगळं कशाला, असं आमच्या वायरमनचं म्हणणं. अहो, पण लॅम्प सोफ्यामागे, रोज रात्री सोफा ओढायचा का? म्हणून पुण्यात कोथरूडच्या फ्लॅटला रंगाचं काम काढलं तेव्हाच वायरसाठी भिंतीत झिरी मारून घेतली, तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रिक बाजारातून दीड एमएमची वायर आणली आणि सोफ्यामागच्या सॉकेटचं बटण दाराजवळच्या बोर्डावर घेतलं.

पहिल्याच संध्याकाळी लॅम्प लावला आणि हॉलचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइट तोडणारा स्विच, पडला, आणि गंमत म्हणजे बेडरूमचा पण. लॅम्पला शिव्या घालून झाल्या, दुसरा आणला, तरी तेच. शेवटी प्लेट उघडली तेव्हा कळलं, फेज (करंट आणणारी वायर) दाराच्या बोर्डावरून आणला होता पण न्यूट्रल (करंट परत नेणारी) मात्र भिंतीपलीकडच्या बेडरूमच्या बोर्डातून, का तर जवळ पडतो म्हणून! आरसीसीबी जाणारा आणि परत येणारा करंट मोजतो, ३० मिलीअँपिअरचा फरक पडला की तो टिकत नाही, आणि ९ वॅटचा साधा बल्ब पण २३० व्होल्टवर ४० च्या आसपास घेतो. म्हणजे हॉलमधून गेलेलं बेडरूममधून परत, दोघांचाही हिशोब चुकणारच. ज्या सर्किटचा फेज त्याच सर्किटचा न्यूट्रल ओढा, शक्यतो त्याच पाइपातून. घरात एकच आरसीसीबी असेल तर ही चूक कळत पण नाही, ते जास्त वाईट.

दुसरी चूक, बटणात फेजऐवजी न्यूट्रल तोडणं. लॅम्प बंद होतो म्हणून सगळं बरोबर वाटतं, पण होल्डरमध्ये करंट तसाच असतो, बल्ब बदलताना झटका बसेल. एलईडी रात्री मिणमिणत असेल तर आधी हेच बघा. बटण बंद करून टेस्टर सॉकेटच्या उजव्या भोकात घाला, लख्ख पेटला तर गडबड आहे. मग मेन बंद करूनच प्लेट उघडायची, सवय नसेल तर वायरमनलाच बोलवा.

लॅम्पला दोनच पिना म्हणून अर्थिंग सोडू नका, उद्या पितळेचा तीन पिनांचा येईल. आणि डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायचं बटण, तर सॉकेटवर नकोच, कोणीतरी चार्जर लावतंच.

आमच्याकडे तर बाबांनी वायफायचा राउटरच लॅम्पच्या सॉकेटमध्ये लावला. झोपताना लॅम्प बंद केला की नेट गेलं, आणि आम्ही दोन दिवस केबलवाल्याला फोन करतोय! आता शेजारी एक सॉकेट थेट चालू ठेवलंय, आणि दाराच्या बटणावर मार्करने ‘लॅम्प’ लिहिलंय.