गावाचा कार्बन हिशेब: या चुका टाळा

ग्रामसभेत कार्बनचा, म्हणजे गावातून किती हरितगृह वायू हवेत जातात त्याचा, विषय निघाला की पहिलं बोट जातं रस्त्यावरच्या दिव्यांकडे. मग एलईडी, मग वृक्षारोपणाचे फोटो. गोठ्याकडे कुणी वळतच नाही. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या 2006 च्या मार्गदर्शिकेत आपल्याकडच्या म्हशीला वर्षाला 55 किलो मिथेन धरलाय, आणि तो शेणातला नव्हे, रवंथ करताना ढेकरांतून निघणारा. मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या 28 पट तापवतो, म्हणून 28 नं गुणलं तर दीड टन कार्बन डायऑक्साइडइतका, म्हणजे साधारण 575 लिटर डिझेल जाळल्यासारखं. तेव्हा आधी जनावरं मोजा, तीही दुभती, भाकड, बैल, वासरं अशी वेगवेगळी.

विजेत आमचीच फजिती झाली. महाराष्ट्रात 2024 पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे. भरायची रक्कम शून्य, म्हणून आमच्यातल्या एका पोरानं उत्सर्जनाच्या रकान्यातही शून्य मांडला! शिवाय कित्येक पंपांना मीटरच नाही. म्हणून युनिट विचारू नका. पाण्याची पाळी किती दिवसांनी येते आणि मोटार किती तास चालते, ते प्रत्येक हंगामाचं वेगळं विचारा. पाच हॉर्सपॉवरची मोटार तासाला साधारण साडेचार युनिट घेते, युनिटमागे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरा.

खताचा आकडा दुकानातून घेऊ नका, तिथं शेजारच्या गावची गिऱ्हाइकंही येतात. 45 किलोच्या युरियाच्या गोणीत 20.7 किलो नत्र असतं. त्यातलं शेकडा एक नायट्रस ऑक्साइड होऊन उडतं, असं धरायची पद्धत आहे. तो वायू कार्बन डायऑक्साइडच्या 265 पट तापवतो. युरिया विरघळताना सुटणारा कार्बन डायऑक्साइड मिळवला तर गोणीमागे जवळपास 120 किलो, कारखान्यातला धूर सोडून. एक खबरदारी: मिथेनला आयपीसीसीच्या जुन्या अहवालातले 28 आणि नायट्रस ऑक्साइडला नव्यातले 273 अशी खिचडी करू नका.

झाडं लावलेली नव्हे, तिसऱ्या उन्हाळ्यात जगलेली मोजा.

गोबरगॅस बसवला की काम फत्ते, हाही गैरसमज. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज 50 किलोच्या आसपास शेण लागतं. दोन गाई विकल्या की शेगडी रुसते. ज्योत फडफडत असेल तर नळीत पाणी साचलंय, ते काढा. जोडांना साबणाचा फेस लावून बघा. बुडबुडा आला तर तो मिथेनच निसटतोय, आणि मग संयंत्रानं वाचवलेलं तिथंच गळतं.

ऊसवाल्या गावात पाचट पेटवणं थांबलं तर फायदा आहेच. फक्त खोडव्यात ते कुजवायला टनामागे 8 किलो युरिया टाकतात, तो वहीत चढवायचा राहतो. आमच्याही राहिला होता.