डबलसीट अलिबाग: तारीख आधी, टाकी नंतर

मुंबईहून बाइकवर अलिबागला जाऊन एका दिवसात परत यायचं, तर आधी तिथी बघा. अलिबागसमोर समुद्रात असलेल्या कुलाबा किल्ल्यावर चालत जाता येतं ते फक्त ओहोटीला. हिशोब कोकणातला जुनाच आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. द्वादशीला बाराची पाऊणपट नऊ. सकाळी नऊच्या सुमारास पूर्ण भरती, तिथून सव्वासहा तासांनी, म्हणजे दुपारी सव्वातीनला पूर्ण ओहोटी. चतुर्थीला ओहोटी सकाळी नऊच्या आसपास येते, मग किल्ला आधी आणि नाश्ता नंतर. अष्टमी टाळा. त्या दिवशी ओहोटी भर दुपारी असते खरी, पण भांगाची, पाणी हवं तेवढं उतरत नाही. एकादशीला वेळ बरी जमते, फक्त जोडीदाराचा उपास नाही ना ते विचारून घ्या.

एरवी एकट्याने चालवायची गाडी डबलसीट नेताना आदल्या रात्री अर्धा तास द्या. मागच्या टायरची हवा वाढवायची. १५० सीसीच्या बऱ्याच गाड्यांना पुढे २५ पीएसआय, मागे एकट्याला २८ आणि डबलसीटला ३२ च्या आसपास लागते. नेमका आकडा चेनकव्हरवर किंवा स्विंगआर्मवर, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर, चिकटवलेला असतो. हवा टायर थंड असताना भरा. पंपापर्यंत दहा किलोमीटर चालवत नेली तर तापलेल्या टायरमध्ये आकडा जास्त दिसतो आणि प्रत्यक्षात हवा कमी राहते.

मागच्या शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, टूलकिटमधल्या पान्याने एक-दोन घर वर घ्या. दोन्ही बाजू सारख्याच ठेवा. हे केलं नाही तर गाडी मागून बसते, हँडल हलकं लागतं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातो. चेनबद्दल बहुतेकांची चूक उलटी असते: लांब जायचंय म्हणून ती ताणून घट्ट करतात. मागे माणूस बसला की स्विंगआर्म वर जातो आणि चेन आणखी ताणली जाते. कंपनीने जेवढी ढील सांगितली आहे, साधारण २५ ते ३५ मिलिमीटर, तेवढी ठेवाच. चेनचं ल्यूब, म्हणजे वंगण, रात्रीच मारा म्हणजे मुरतं. सकाळी मारलं तर पनवेलपर्यंत रिमवर उडालेलं दिसेल.

दादरहून अंतर शंभरेक किलोमीटर. अटल सेतूवर आणि ईस्टर्न फ्रीवेवर दुचाकीला बंदी आहे, तेव्हा सायन, वाशी खाडीपूल, बेलापूर, कळंबोली हाच रस्ता. कळंबोलीला पाट्या नीट वाचा, एक्सप्रेसवेवरही आपल्याला मनाई आहे. पुढे पनवेल, पळस्पे फाटा, कर्नाळा, पेण. कर्नाळ्याच्या वळणांवर माकडं रस्त्यात बसलेली असतात. वडखळला गोव्याचा रस्ता सोडून उजवीकडे वळा, मग धरमतरचा पूल आणि पोयनाड. शेवटच्या कार्लेखिंडीत एसटीला ओव्हरटेक करू नका, समोरून डंपर येतो. पहाटे साडेपाचला सायन सोडलं तर साडेआठला पोहे समोर असतात.

मागच्याला दोनच गोष्टी सांगून ठेवा. चढता-उतरताना आधी विचारायचं, आणि वळणावर गाडीसोबत झुकायचं, उलटं नाही. हेल्मेट दोघांनाही, कायद्यानेसुद्धा.

गाडी वाळूवर नेऊ नका. फोटो छान येतो, पण ओली वाळू चेनमध्ये शिरली की परतीत करकर सुरू होते, आणि चाक रुतलेलं असताना पाणी चढायला लागलं की काय होतं ते अलिबागकर दर सुट्टीत बघतात. कडेच्या मऊ जमिनीत साइड स्टँडही रुततो. खाली चपटा दगड किंवा चेपलेला डबा ठेवा. बूट गाडीपाशी सोडून फ्लोटर्स घाला. ओहोटीच्या वेळेआधी तासभर किल्ल्याकडे निघा आणि पाणी परत भरायला लागल्यावर अर्ध्या तासात किनारा गाठा. आत रमलात तर परत यायला होडी शोधावी लागेल.

परतीला मांडव्याहून रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी बोट, घ्या, हा आमचा आग्रह. रविवारी संध्याकाळी पेण-पनवेलच्या कोंडीत, सुरमईची थाळी खाल्लेल्या पोटाने, क्लच दाबत बसण्यात काही अर्थ नाही. अलिबाग ते मांडवा वीसेक किलोमीटर, आणि बोटीने तासाभरात भाऊचा धक्का. तिकीट जातानाच काढून ठेवा, दुचाकीचं वेगळं असतं. डेकचा लोखंडी पत्रा ओला असतो, रॅम्पवर पुढचा ब्रेक अजिबात नको. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून हँडल लॉक करा. पावसाळ्यात फेरी रद्द होऊ शकते, तेव्हा रस्त्याने परतण्याइतकं पेट्रोल आणि उजेड हाताशी ठेवा.

उन्हाळ्यात रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या माळी टांगलेल्या दिसतील. घ्याच, पण सायलेन्सरच्या बाजूला बांधू नका, वाशीला पोचेपर्यंत अर्धी माळ भाजलेली असते.

घरी आल्यावर कंटाळा आला तरी साध्या पाण्याने गाडी धुवा, खालून विशेषतः. खारा थर रात्रभर राहिला तर स्पोक आणि नटांवर आठवड्याभरात तांबूस ठिपके येतात. प्रेशर पंप चाकाच्या बेअरिंगवर रोखू नका. चेन पुसून ल्यूब, आणि शॉकअप पुन्हा एकट्याच्या घरावर.