टायरचा अलार्म ओरडला म्हणून हवा सोडू नका

मे महिना होता. पहाटे पाचला निघायचं ठरलं होतं आणि निघालो साडेदहाला. शिवमडक्याहून समृद्धीला लागलो, तासाभरात डॅशबोर्डवरचं टीपीएमएस, म्हणजे टायरातल्या हवेचा दाब दाखवणारं यंत्र, चिरकायला लागलं. मागच्या डाव्या टायरात ७६ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), मग ७७. सकाळी घरी ६५ भरली होती. शेजारी बसलेला मित्र म्हणाला, "अबे, हवा जास्त झाली ना, सोड थोडी. टायर फुटन उगाच." मलाही पटलं. गाडी बाजूला घेतली, चारही मागच्या टायरांची हवा सोडून ६५ वर आणली आणि हुशारी केल्याच्या समाधानात वेरूळपर्यंत गेलो. दुसऱ्या दिवशी पहाटे यंत्र पुन्हा ओरडलं, या वेळी हवा कमी म्हणून. आकडा ५४. रात्रीतून पंक्चर झालं नव्हतं. आदल्या दिवशी मीच ती हवा सोडली होती.

आमची गाडी म्हणजे ट्रॅव्हलर व्हॅनवर बांधून घेतलेली कॅम्पर, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, मागे जोडीची चाकं. मित्राकडे जीपमागे ओढायचा दोन चाकी ट्रेलर. दोघांच्याही टायरांवर टोपीसारखे बाहेरून लावायचे सेन्सर आहेत. गेल्या काही वर्षांत आम्ही दोघांनी मिळून या यंत्राबाबत जेवढ्या चुका करता येतात तेवढ्या केल्या.

गरम टायरची हवा सोडणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, म्हणून आधी ती. हवा तापली की फुगते आणि टायरच्या आत जागा तेवढीच, त्यामुळे दाब वाढतो. गाडीच्या ३५ पीएसआयच्या टायरात दर पाच-साडेपाच अंश सेल्सिअसला साधारण एक पीएसआय वाढतो. ६५ च्या टायरात तेवढ्याच तापमानाला दीड. सकाळी ३० अंशांवर असलेलं टायर सिमेंटच्या रस्त्यावर धावून आतून ७५ अंशांना पोहोचलं, तर ६५ चे ७७ होणारच. टायर बनवणाऱ्यांना हे ठाऊक असतं. दारावर लिहिलेला दाब हा थंड टायरचा असतो आणि प्रवासातली वाढ त्यात धरलेली असते.

तेव्हा ७७ पाहून हवा सोडली की टायर कमी हवेवर धावायला लागतं, बाजूची भिंत जास्त वाकते, जास्त वाकली की जास्त तापते. फुटायच्या भीतीने आपण टायरला फुटायच्याच वाटेवर नेतो.

आता "थंड टायर" म्हणजे काय, यावरही नागपुरात गोंधळ होतो. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पहाटे पाचलाही अंगाला वारा गार लागत नाही, मग टायर थंड कसं? थंड म्हणजे किमान तीन तास न चाललेलं आणि उन्हात नसलेलं. बाहेर ३० अंश असले तरी चालेल. पण गाडी सकाळी दक्षिणेकडे तोंड करून अंगणात उभी असेल, तर उजव्या चाकांवर सावली आणि डाव्या चाकांवर ऊन असं होऊन एकाच धुरीवरच्या दोन टायरांत दोन-तीन पीएसआयचा फरक दिसतो. तो पाहून एका बाजूला हवा मारू नका. उद्या ऊन पडायच्या आत पुन्हा बघा.

याचं उलटं हिवाळ्यात. मे महिन्यात दुपारी ४५ अंशांत कुणी हवा मारून ठेवली असेल, तर डिसेंबरात पारा दहाच्या आसपास उतरतो त्या पहाटे ३५ च्या टायरात २९-३० च दिसतात. यंत्र बरोबरच सांगतं. ऋतू बदलला की थंड आकडा पुन्हा भरायचा, बस. पेट्रोल पंपावर "नायट्रोजन मारा, मग वाढत-कमी होत नाही" असं सांगतात. तापमानाने नायट्रोजनही तितकाच फुगतो. त्यात ओल नसते एवढा फायदा खरा.

आकडा कुठून घ्यायचा

मूळ थंड आकडाच चुकला तर पुढची सगळी सेटिंग चुकते. टायरच्या बाजूला उठावाच्या अक्षरांत लिहिलेला दाब हा त्या टायरची कमाल मर्यादा असते, तुमच्या गाडीची गरज नव्हे. साध्या कारला दाराच्या चौकटीवरचा कागद पुरतो. कॅम्परचं तसं नाही. कंपनीने कागद लावला तेव्हा मागे पलंग, बॅटऱ्या, पाण्याची टाकी, एसी काहीच नव्हतं. शंभर लिटर पाणी म्हणजे सरळ शंभर किलो.

आम्ही टाकी भरून, सगळं सामान लादून, माणसं बसवून गाडी धरमकाट्यावर, म्हणजे वाहनं तोलायच्या काट्यावर, नेली. वाडी किंवा कळमन्याच्या बाजूला ट्रक फिरतात तिथे काटा मिळतो. आधी पुढची चाकं काट्यावर, मग मागची, अशी वेगवेगळी वजनं घ्यायची. मग त्या टायरच्या कंपनीच्या तक्त्यात त्या वजनाला लागणारा दाब पाहायचा. आमचा ६५ हा तिथून आला. तुमचा वेगळा येईल, माझा उचलू नका.

अलार्मच्या मर्यादा दुकानातल्याच ठेवणं

माझ्या यंत्रात वरची मर्यादा ७५ वर लावून आली होती. ६५ च्या टायरसाठी नागपूरच्या उन्हाळ्यात ती रोज वाजणार. रोज वाजणाऱ्या यंत्राचं पुढे काय होतं ते सांगायला नको. आवाज बंद करतात आणि खरं पंक्चर होतं त्या दिवशी ते मुकं असतं.

मी आता वरची मर्यादा थंड आकड्याच्या पंचवीस टक्के वर ठेवतो, म्हणजे ६५ ला ८१. खालची दहा टक्के, म्हणजे ५८ च्या थोडी वर. खालची मर्यादा पंचवीस टक्क्यांवर ठेवायची सवय कारवरून आली आहे. लादलेल्या कॅम्परला किंवा ट्रेलरला ती चालत नाही. ६५ चे ४९ होईपर्यंत यंत्र गप्प बसलं, तर तोवर टायरच्या भिंतीची वाट लागलेली असते.

हिरवा आकडा पाहून निर्धास्त होणं

ही चूक मला फार उशिरा कळली. समजा एका टायरात हळूहळू गळती आहे आणि थंडपणी ६५ ऐवजी ५७ उरली आहे. सकाळी निघताना यंत्र पाहिलं नाही, किंवा आवाज बंद होता. टायर तापलं की तेच ५७ चे ६७ होतात. कमी हवेचं टायर अधिक तापतं, त्यामुळे एखादवेळी ६९ ही होतील. पडद्यावर हिरवं दिसतं. माणूस म्हणतो, "हवा तं बरोबर आहे."

ती बरोबर नाही, हे शेजारच्या चाकावरून कळतं. त्याच धुरीवरच्या निरोगी टायरात त्याच क्षणी ७६-७७ असायला हवेत. म्हणून चालत्या गाडीत सुटा आकडा वाचू नका, जोडी वाचा. डावं-उजवं चार-पाच पीएसआयपेक्षा जास्त फरकाने चालत असेल आणि ऊन एकाच बाजूने पडत नसेल, तर पुढच्या थांब्यावर उतरून पाहायलाच हवं.

तापमानाचंही तसंच. टोपीचा सेन्सर व्हॉल्व्हच्या टोकावर, वाऱ्यात असतो. तो दाखवतो त्यापेक्षा टायर आतून बरंच गरम असतं. त्याच्या ५५ अंशांना काही अर्थ नाही. पण बाकी सगळी चाकं ५५ आणि एकच ७० असेल, तर अर्थ आहे: हवा कमी, नाहीतर ब्रेक चिकटतोय, नाहीतर बेअरिंग गेलं. मित्राच्या ट्रेलरचं बेअरिंग असंच बुटीबोरीच्या अलीकडे सापडलं, हवा अगदी पूर्ण असताना.

ट्रेलरची चाकं यंत्रातून वगळणं

कारच्या कंपनीचं टीपीएमएस ट्रेलरला ओळखत नाही. काही गाड्यांत तर सेन्सरच नसतात, एबीएसवरून (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) चाकाच्या फिरण्यातला फरक मोजून अंदाज काढतात. पण खरी गरज ट्रेलरलाच. पुढच्या चाकाची हवा गेली तर स्टिअरिंग हातात सांगतं. ट्रेलरचं टायर बसलं तर जीप बिनबोभाट ओढत राहते आणि मागून कुणी हॉर्न मारेपर्यंत टायरच्या चिंध्या झालेल्या असतात. जोडीच्या चाकांतल्या आतल्या टायरचंही असंच. ते बसलं की सगळा भार बाहेरचं उचलतं, गाडी झुकतही नाही. म्हणून आतल्या टायरला सेन्सर नाही लावला तर यंत्र घेण्यात मजा नाही. त्यासाठी व्हॉल्व्हला धातूची लांब नळी लावून घ्यावी लागते.

ट्रेलरचा आकडा मधूनच गायब होत असेल तर सेन्सर खराब आहे असं लगेच धरू नका. लोखंडी डबा आणि दहा-बारा मीटरचं अंतर, सिग्नल अडतो. सिग्नल पकडून पुढे पाठवणारा, बारा व्होल्टवर चालणारा रिपीटर मिळतो, तो जीपच्या मागच्या टोकाला किंवा ट्रेलरच्या पुढच्या तोंडाशी लावा. आम्ही आधी तो डॅशबोर्डखाली लावला होता. मुख्य यंत्राच्या शेजारीच. वर्षभर कुरकुर करत होतो.

निघताना दिसणारे आकडे कालचे असू शकतात, हेही लक्षात असू द्या. उभ्या गाडीत बरेच सेन्सर झोपतात आणि पडद्यावर शेवटचा आकडा तसाच राहतो. थोडं अंतर चालवून आकडा हलला की मग विश्वास ठेवा.

रबरी व्हॉल्व्ह आणि पंक्चरवाला

टोपीचा सेन्सर वजनाला किरकोळ वाटतो, पण चाक फिरताना तो व्हॉल्व्हला बाहेर खेचत असतो. रबरी व्हॉल्व्ह मुळाशी वाकून वाकून चिरतो. शिवाय साधे रबरी व्हॉल्व्ह थंडपणी ६५ पीएसआयपर्यंतच चालवायचे असतात, म्हणजे आमचे आधीच काठावर होते. धातूचे, नटाने आवळायचे व्हॉल्व्ह बसवून घ्या. हे काम सेन्सर विकत घ्यायच्या आधी करायचं, आम्ही एक टायर रस्त्यात बसल्यावर केलं.

सेन्सर आवळताना आतली पिन दाबली जाते, त्यामुळे हवा रोखण्याचं काम त्याच्या छोट्या रबरी रिंगवर येतं. ती रिंग कडक झाली की सेन्सरच हवा गाळतो. रोज एक-दोन पीएसआय कमी होत असेल तर पंक्चर शोधण्याआधी सेन्सरवर साबणाचं पाणी टाका. पावसाळ्यानंतर आटे गंजून सेन्सर चिकटतो, तो पकडीने काढायला गेलात तर व्हॉल्व्हसकट हातात येईल. वर्षातून दोनदा काढून आट्यांना बोटभर ग्रीस लावावं.

सेन्सर आतला असेल तर पंक्चरवाल्याला चाक खोलायच्या आधी सांगा, खोलल्यावर नाही. टायर डिस्कवरून काढताना अवजार व्हॉल्व्हच्या जागी टेकलं की सेन्सर गेला. टायरात ओतायचं पंक्चर जेलही त्याचं भोक बुजवू शकतं. चाकं अदलाबदल केलीत तर यंत्रातही जागा बदला, नाहीतर ते उजवं म्हणून ओरडेल आणि तुम्ही डाव्याला हवा माराल.

पडदा उन्हात ठेवणं

सोलरवर चालणारे पडदे डॅशबोर्डवर चिकटवायचे असतात. थंड देशात ठीक आहे. सीताबर्डीला मे महिन्यात दोन तास गाडी उभी केली की डॅशबोर्डला हात लावता येत नाही. आमच्या पडद्याची आतली बॅटरी एका उन्हाळ्यात फुगली. त्याआधी गोंद वितळून तो एकदा चालत्या गाडीत घसरून ब्रेकच्या पायाशी गेला होता. गाडी उभी केली की काढून कप्प्यात टाका. सेन्सरच्या छोट्या सेलही उन्हाळ्याआधी बदलून घ्या.

यंत्राला न दिसणारी गोष्ट

२०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियम बदलले. ट्यूबलेस टायर, दुरुस्ती किट आणि टीपीएमएस असेल, तर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाड्यांना स्टेपनीची सक्ती राहिली नाही. कॅम्पर किंवा ट्रेलर घेऊन ताडोबा-पेंचकडे जाणाऱ्याने ही सवलत घेऊ नये असं माझं मत. फाटलेल्या भिंतीला किट काही करू शकत नाही. आणि स्टेपनीची हवाही तपासा, ती कुणीच पाहत नाही.

टायरचं वयही यंत्राला कळत नाही. ट्रेलर वर्षातले दहा महिने उभा असतो, नक्षी नवीकोरी दिसते आणि रबर आतून वाळलेलं असतं. टायरच्या बाजूला उत्पादनाचा चार आकडी कोड असतो. २३१७ असेल तर २०१७ च्या तेविसाव्या आठवड्यातलं टायर. मागच्या दिवाळीआधी मित्राने दोन्ही सेन्सरचे सेल बदलले, हवा भरली, पडद्यावर सगळं हिरवं. मी खाली वाकून कोड पाहायला गेलो तर भिंतीवर बोटाच्या पेरभर लांब भेगा. तो म्हणाला, "काहून, हवा तं एक पॉइंट कमी नाही झाली." पेंचची सहल त्या वेळी रद्द झाली.