पीक अवरमध्ये लोड कमी करताय? या चुका टाळा

३० मे २०२४ रोजी देशातली विजेची मागणी २५० गिगावॉटपर्यंत चढली आणि निभावली गेली, कारण ती दिवसाउजेडी चढली होती. सौर प्रकल्प तेव्हा भरात होते. वीज कंपन्यांची खरी कसोटी सूर्य कलल्यावर लागते. सौर वीज झपाट्याने उतरते, घरोघरी दिवे, पंखे, एसी सुरू होतात आणि कोळशाचा थंड पडलेला संच काही लगेच पूर्ण क्षमतेला येत नाही. मग वीज बाजारातून घ्यावी लागते आणि टंचाईच्या वेळी तिथला दर प्रतियुनिट १० रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन टेकतो.

या मोजक्या तासांत, म्हणजे पीक अवरमध्ये, ग्राहकानेच थोडा लोड (विजेचा भार) उतरवला किंवा दुसऱ्या वेळेला नेला, तर ही महागडी खरेदी टळते. त्यासाठी कंपनी एकतर तासानुसार दर वेगळा ठेवते, नाहीतर आधी कळवून ठरावीक वेळेत लोड कमी करायला सांगते आणि त्याचा मोबदला देते. या दुसऱ्या प्रकाराला डिमांड रिस्पॉन्स म्हणतात. टाटा पॉवरने २०२३ मध्ये मुंबईत असा कार्यक्रम जाहीर केला, तेव्हा ५५ हजार घरगुती आणि ६ हजार मोठ्या व्यावसायिक-औद्योगिक ग्राहकांना सोबत घेऊन सहा महिन्यांत पीक अवरची मागणी ७५ मेगावॉटने कमी करायचं उद्दिष्ट ठेवलं होतं. योजना चांगल्या आहेत. पण कारखाने आणि सोसायट्यांचं वीज नियोजन करताना त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात.

टाइमर अजून जुन्याच वेळेवर

महाराष्ट्रात वर्षानुवर्षं टीओडी (टाइम ऑफ डे, तासानुसार वेगळा दर) म्हणजे रात्रपाळी, हे समीकरण पक्कं होतं. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उद्योगांना युनिटमागे दीड रुपया सवलत होती, त्यामुळे बर्फ कारखाने, शीतगृहं, फाउंड्री सगळ्यांनी कामं रात्रीवर ढकलली. आता सौर वीज मुबलक झाल्याने सवलत दिवसावर आली आहे. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनुसार सौर तासांत दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी असायला हवा आणि पीक तासांत व्यावसायिक व औद्योगिक ग्राहकांना किमान १.२ पट. राज्यात स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांनाही १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत सुरू झाली.

दर बदलले, टाइमर मात्र कुणी बदलले नाहीत. सोसायटीच्या पंप रूममध्ये जाऊन पाहा. पॅनेलवर एक गोल किंवा डिजिटल टाइमर असतो, बहुतेक वेळा धुळीने माखलेला. त्यावर वेळ लावलेली असते संध्याकाळी ६ किंवा ७, कारण लोक कामावरून येण्याआधी टाकी भरलेली हवी. ऐन पीक अवरमध्ये पंप चालू! वरची टाकी एका वेळी पुरेल एवढी मोठी असेल, तर तेच पाणी दुपारी ३ वाजता चढवता येतं. कुणाला एक बादलीही कमी पडत नाही. टाकी लहान असेल तर निम्मं दुपारी, निम्मं पहाटे. लाइट गेल्यावर जुने टाइमर मागे पडतात, म्हणून महिन्यातून एकदा टाइमरचं घड्याळ मोबाइलशी ताडून घ्या. आणि कारखान्याची पाळी हलवण्याआधी चालू दरपत्रक हातात घ्या, कारण वीज नियामक आयोगाचे आदेश बदलत असतात.

वेळ संपली की सगळं एकदम सुरू

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. समजा संध्याकाळी ७ ते ९ लोड कमी ठेवायचा होता. ९ वाजले आणि ऑपरेटरने सगळे चिलर (मोठ्या एसीसाठी पाणी गार करणारी यंत्रं), एएचयू (गार हवा खेळवणारी यंत्रं), कॉम्प्रेसर एकाच वेळी चालू केले. दोन तासांत इमारत तापलेली असते, त्यामुळे चिलर बराच वेळ पूर्ण भाराने पळतात. एमडी (मॅक्सिमम डिमांड, म्हणजे कमाल मागणी) ठरावीक मिनिटांच्या सरासरीवर मोजली जाते. मोटर सुरू होतानाच्या क्षणभराच्या झटक्याचा तिच्यावर फारसा परिणाम होत नाही. ती चढते या सलग भारामुळे. एकदा का कॉन्ट्रॅक्ट डिमांड (करारात ठरलेली मागणी) ओलांडली, की डिमांड रिस्पॉन्सचे मिळालेले पैसे दंडात जातात.

उपाय दोन टोकांना आहेत. आधी, म्हणजे दुपारीच, इमारत एक-दोन अंश जास्त थंड करून ठेवा. नंतर यंत्रं दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने सुरू करा आणि सेट पॉइंट (एसीला लावलेलं तापमान) एकेक अंशाने खाली आणा. ऑपरेटरला तोंडी सांगून भागत नाही. कोणतं यंत्र किती वाजता, हा क्रम कागदावर लिहून पॅनेलशेजारी चिकटवा.

बेसलाइन न समजता सही करणं

तुम्ही किती लोड कमी केला, हे थेट मोजता येत नाही. कंपनी आधी अंदाज बांधते की मेसेज आला नसता तर तुम्ही किती वीज वापरली असती. हीच बेसलाइन. ती साधारण मागच्या काही कामाच्या दिवसांच्या सरासरीवरून ठरते. त्या दिवसांत तुमचं मेंटेनन्स शटडाउन येऊन गेलं असेल, तर बेसलाइन खाली बसते आणि खरोखर लोड कमी करूनही खात्यावर शून्य दिसतं. म्हणून करारात तीन गोष्टी बघा: कोणते दिवस धरले, सुट्ट्या-शटडाउन वगळले का आणि त्या दिवशीच्या हवामानाची दुरुस्ती आहे का. दुपारी आगाऊ थंड करणार असाल तर तेही लेखी कळवा. नाहीतर ते बेसलाइन फुगवल्यासारखं दिसतं.

आणि मुद्दाम फुगवायच्या वाटेला तर जाऊच नका. अमेरिकेत मेन राज्यातल्या रमफर्ड पेपर कंपनीने २००७ मध्ये बेसलाइन ठरत असताना स्वतःची वीजनिर्मिती कमी करून ग्रिडमधून जास्त वीज घेतली आणि नंतर लोड घटवल्याचे पैसे घेतले. २०१३ मध्ये केंद्रीय नियामकाशी तडजोड करताना कंपनीवर १ कोटी डॉलरचा दंड बसला.

डिझेलवर जाऊन 'बचत'

२००६ मध्ये पुण्यातल्या उद्योगांनी पीकच्या वेळी स्वतःचे जनरेटर चालवून शहराचं भारनियमन टाळलं आणि त्याचा जादा खर्च ग्राहकांकडून रिलायबिलिटी चार्ज म्हणून वसूल झाला. तेव्हा विजेचा तुटवडाच होता, त्यामुळे ते योग्य होतं. आज रोजच्या पीक अवरसाठी डिझेल जाळणं मला पटत नाही. युनिटचा खर्च पाहा, धूर पाहा. आधी जे थांबू शकतं ते शोधा: पंप, चिलर, ईव्ही चार्जिंग, कॉम्प्रेसर. भट्टीत माल वितळत असताना हात लावू नका, पुढची चार्ज (भट्टीत भरायचा माल) मात्र तासभर उशिरा घेता येते. लिफ्ट, फायर पंप, रुग्णालयाचा कोणताही जीवनावश्यक भार या यादीत कधीच नको.

मेसेजच आला नाही

आधी बिलावर नोंदलेला मोबाइल नंबर बघा. सोसायट्यांच्या बाबतीत तो बऱ्याचदा बिल्डरचा किंवा दोन कमिट्यांआधीच्या सचिवांचा निघतो. कारखान्यात तो नोकरी सोडून गेलेल्या इलेक्ट्रिकल इंजिनिअरचा असतो. निदान दोन नंबर नोंदवा, त्यातला एक पाळीवर हजर असलेल्या माणसाचा. मेसेज येऊनही बिलात काही दिसत नसेल, तर मीटरचं बटण दाबत तारीख-वेळ दिसेपर्यंत डिस्प्ले पुढे न्या. मीटरचं घड्याळ चुकलेलं असेल तर तुमचे युनिट भलत्याच स्लॉटमध्ये जमा होतात. वेळ दिसत असताना फोटो काढा आणि तोच तक्रारीला जोडा.

कंपन्यांसाठीही थोडं

६ सप्टेंबर २०२२ ला कॅलिफोर्नियात मागणी ५२,०६१ मेगावॉटच्या विक्रमावर गेली होती. सरकारने मोबाइलवर आणीबाणीचा इशारा पाठवला आणि काही मिनिटांत लोकांनी वापर इतका उतरवला की सक्तीचं भारनियमन टळलं. तो संदेश छोटा होता आणि लोकांना गरज पटली. आपल्याकडे आदल्या दिवशी दुपारीच कळवलं, मराठीत कळवलं आणि "उद्या ७ ते ९, एसी २६ वर, गीझर बंद" एवढंच लिहिलं, तर प्रतिसाद नक्की वाढेल. मात्र असे मेसेज आठवड्यात चार वेळा आले तर कुणी वाचणार नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येकाला त्याचा आकडा कळवाच: काल तुम्ही इतके युनिट वाचवलेत, इतके रुपये पुढच्या बिलात जमा होतील.