निर्वासितांचा फोटो बघायचा कसा: एका पासपोर्ट-फोटोवाल्याकडून

लग्नाचा बस्ता बांधायला आपण कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला जातो. तिथं १९४३ ते १९४८ पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, वळिवडे कॅम्प. सुमारे ५,००० माणसं, बहुतेक बायका-पोरं. शाहूपुरीतल्या माझ्या स्टुडिओत फोटोची वाट बघत बसलेल्या गिऱ्हाइकांना मी त्या कॅम्पचे फोटो मोबाइलवर दाखवतो. लोक ‘अरेरे’ म्हणतात आणि बोटानं पुढं सरकवतात. तसं करू नका.

आधी चेहऱ्यावर अंगठा ठेवा. चेहरा दिसला की पोटात कालवतं आणि बघणं तिथंच संपतं. कपडे बघा, हात बघा. वळिवड्याच्या फोटोंत स्काउटच्या गणवेशातल्या मुली दिसतील. याच लोकांना १९४०-४१ मध्ये सोव्हिएत पोलिसांनी घरातून उचलून सायबेरिया, कझाकस्तानला नेलं होतं. सामान बांधायलाही जेमतेम वेळ दिला. हे मनात ठेवून तो गणवेश परत बघा.

मग फोटोची तारीख शोधा. १९४६, ४७ असेल तर थांबा. लढाई तर १९४५ लाच संपली, मग ह्या अजून इथं कशा? कारण अनेकांची गावंच सोव्हिएत संघात गेली होती. खायला-प्यायला होतं, शाळा होती, चर्च होतं, फक्त परत जायला घर नव्हतं. पुढं फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले.

चौकट कुठं कापली आहे तेही बघा. कातर माझ्याही हातात असते, म्हणून सांगतो. ८ जून १९७२ चा व्हिएतनामचा फोटो आठवा, नापाम या आगीच्या बॉम्बनं भाजलेली मुलगी रस्त्यावरून पळतेय. पूर्ण चौकटीत उजवीकडं एक छायाचित्रकार कॅमेऱ्यात रीळ भरताना दिसतो. छापताना बहुतेक वेळा तो कापला जायचा.

सगळ्यात महत्त्वाचं, फोटोला नाव आहे का? १९८४ मध्ये पेशावरजवळच्या छावणीत काढलेला हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा फोटो जगभर गेला. तिचं नाव, शरबत गुला, जगाला २००२ मध्ये कळलं. माझ्याकडं कॉलेजची पोरं तीन-तीनदा ‘काका, हा नको, परत काढा’ म्हणतात. वैताग येतो, पण तो त्यांचा हक्क आहे. तिला ‘हा नको’ म्हणायला काउंटर कुठं होता?

मी काही धुतल्या तांदळाचा नाही. २०१९ च्या महापुरात पूरग्रस्तांना ठेवलेल्या एका शाळेत फोटो काढत फिरलो. सतरंजीवर बसलेली एक आज्जी म्हणाली, “थांब की रं जरा, केस तरी बांधू दे.”

तोवर मी बटण दाबलं होतं.