पीएमपीची तयारी: अर्जापासून साइटपर्यंत

पीएमपी म्हणजे प्रकल्प व्यवस्थापकांसाठी पीएमआय ही संस्था परीक्षा घेऊन देते ते प्रमाणपत्र. त्याची पुस्तकं विकत घ्यायच्या आधी एक वही घ्या आणि आजवर सांभाळलेली कामं महिनेवार लिहून काढा. कुठलं काम, कधी सुरू झालं, ताबा कधी दिला, त्यात तुमचा निर्णय कोणता आणि साहेबांचा कोणता. पीएमपीच्या अर्जाला पदवीधराकडे प्रकल्प चालवल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव लागतो, पदवी नसेल तर त्याहून जास्त. शिवाय प्रकल्प व्यवस्थापनाचं ३५ तासांचं प्रशिक्षण. एकाच महिन्यात दोन कामं पाहिली असली तरी तो महिना एकदाच धरतात, म्हणून बेरीज आधीच करून ठेवा.

वही लिहिताना मला एक गोष्ट खटकली. माझी बहुतेक वाक्यं ‘मी रिपोर्ट पाठवला’, ‘मी मीटिंगला हजर होते’, ‘मी पाठपुरावा केला’ अशीच येत होती. ‘मी ठरवलं’ असं पानभरात दोनदा. तुमच्या वहीतही तसं दिसलं तर अर्ज सहा महिने पुढे ढकलायला अजिबात कचरू नका. साहेबांकडे एखादं छोटंच पण अथपासून इतिपर्यंतचं काम मागून घ्या: एका इमारतीची ड्रेनेज लाइन, गोदामाचं स्थलांतर, काहीही. अंदाज तुमचा, वेळापत्रक तुमचं, ठेकेदाराशी बोलणंही तुमचंच. हा अनुभव ३५ तासांच्या कुठल्याही वर्गात मिळत नाही.

कागदपत्रांची जुळवाजुळव कंटाळवाणी असते, पण ती लवकर उरकून घ्या. काही अर्ज पडताळणीसाठी निवडले जातात आणि मग अनुभवाला त्या वेळच्या वरिष्ठांचा दुजोरा लागतो. ते नोकरी सोडून गेले असतील, दुबईला असतील, निवृत्त झाले असतील. अर्ज भरण्याआधीच त्यांना फोन करा आणि तुम्ही काय लिहिलंय ते वाचून दाखवा. नावाचंही बघा. आपल्याकडे एका कागदावर वडिलांचं नाव मधे असतं, दुसऱ्यावर नसतं आणि लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर तिसराच प्रकार. परीक्षेच्या दिवशी जे ओळखपत्र दाखवणार, त्यावरचंच नाव अर्जात हवं. ‘अनुभव आम्ही लिहून देतो’, ‘पास करून देतो’ असे फोन येतील. ते तिथेच बंद करा. पीएमआयच्या आचारसंहितेत जबाबदारी, आदर, न्याय्य वागणूक आणि प्रामाणिकपणा ही चार मूल्यं आहेत. खोट्या अर्जावर मिळवलेलं प्रमाणपत्र त्यातलं शेवटचं मूल्य पहिल्याच दिवशी मोडतं.

अभ्यास कशाचा करायचा हे पीएमआयच्या परीक्षा-आराखड्यावरून ठरवा, मित्राच्या जुन्या नोट्सवरून नको. आराखडा दर काही वर्षांनी बदलतो. २०२१ साली लागू झालेल्या आराखड्यात माणसांना ४२ टक्के, प्रक्रियेला ५० टक्के आणि व्यवसायाच्या परिसराला ८ टक्के वजन होतं, आणि निम्म्याच्या आसपास प्रश्न अजाइल (काम छोट्या टप्प्यांत करत, बदल सामावून घेत पुढे जाण्याची पद्धत) किंवा मिश्र पद्धतीचे. पीएमबॉक या पीएमआयच्या मार्गदर्शक ग्रंथाच्या २०१७ च्या सहाव्या आवृत्तीत ४९ प्रक्रिया होत्या. २०२१ ची सातवी आवृत्ती १२ तत्त्वांवर उभी राहिली. त्या ४९ प्रक्रियांचा तक्ता तोंडपाठ करण्यात दोन महिने घालवलेले लोक मी पाहिलेत. त्यापेक्षा चालू आराखडा आधी नीट वाचा.

खर्च आणि वेळेची प्रगती मोजणारी सूत्रं पाठ करण्याऐवजी स्वतःच्या चालू कामावर लावून बघा. समजा, दहा स्लॅबचं काम आहे, प्रत्येकी ८ लाख, एकूण ८० लाख. आजच्या तारखेला पाच स्लॅब व्हायला हवे होते, म्हणजे पीव्ही (आजवर व्हायला हव्या असलेल्या कामाची किंमत) ४० लाख. प्रत्यक्षात चार झाले, म्हणजे ईव्ही (झालेल्या कामाची ठरलेली किंमत) ३२ लाख. खर्च झालाय ३६ लाख, हा एसी (प्रत्यक्ष खर्च). ३२ भागिले ३६ केलं की सीपीआय, म्हणजे खर्चाचा निर्देशांक, ०.८९ येतो, आणि ३२ भागिले ४० केलं की एसपीआय, म्हणजे वेळापत्रकाचा निर्देशांक, ०.८. दोन्ही एकच्या खाली, म्हणजे खर्च जास्त आणि काम मागे. आता ८० लाखांना सीपीआयनं भागा: असंच चालू राहिलं तर काम ९० लाखांवर जाईल. ‘बजेट ४० होतं, ३६ च खर्च झाले’ असं सांगून महिन्याच्या मीटिंगमध्ये सगळे खूश असतात ना, त्याच आकड्यांत हे दहा लाख दडलेले असतात. मी हा हिशोब पहिल्यांदा स्वतःच्या साइटचा केला तेव्हा रात्रभर झोप लागली नव्हती. परीक्षेत असे प्रश्न मोजकेच येतात, तरी हा हिशोब हाताला बसलाच पाहिजे.

क्रिटिकल पाथ, म्हणजे एकमेकांवर अवलंबून असलेल्या कामांची ती सगळ्यात लांब साखळी जिच्यावर प्रकल्पाचा शेवट ठरतो, हीही हातानेच, कागदावर काढा. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ड्यूपाँट कंपनीच्या कामातून ही पद्धत आली, त्याच सुमारास अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्रासाठी पर्ट ही कामाच्या वेळेचा अंदाज बांधणारी पद्धत तयार झाली. तुमच्या आकृतीत पावसाळ्याचे चार महिने, स्लॅबच्या क्युअरिंगचे (पाणी मारून पक्का होऊ देण्याचे) दिवस, होळी-दिवाळीला गावी जाणारी माणसं असायला हवीत. जोखमींच्या नोंदवहीत नुसतं ‘पाऊस’ लिहून भागत नाही. काय घडलं की हालचाल करायची, कुणी करायची, किती पैसे राखून ठेवायचे, हेही लिहा. सरावासाठी कोकण रेल्वे घ्या. महामंडळ १९९० साली स्थापन झालं, संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी खुला झाला. सह्याद्रीचा कठीण कातळ फोडणं अवघड असणार हे कुणालाही सुचेल, पण जास्त छळलं ते पाण्यानं भिजलेल्या मऊ मातीतल्या बोगद्यांनी, गोव्यात पेडण्याला तर विशेष. तेव्हाच्या जागी बसून त्या मार्गाच्या जोखमी लिहा आणि मऊ माती तुमच्या यादीत कितव्या क्रमांकावर येते ते बघा.

सगळ्यात जास्त वेळ माणसांच्या प्रश्नांना द्या. ‘व्यवस्थापकाने आधी काय करावं?’ असा प्रश्न असतो, चारही पर्याय बरे वाटतात. ‘वरिष्ठांना कळवावं’ हा पर्याय आपल्याला लगेच जवळचा वाटतो, कारण आपलं सगळं ऑफिस त्यावरच चालतं. बहुतेक वेळा हवं असतं ते वेगळं: आधी कारण शोधा, संबंधित माणसाशी एकट्याने बोला.

हे मला सराव परीक्षेत छान येत होतं. त्याच आठवड्यात चौथ्या स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी मुकादम म्हणाला, “झालंय मॅडम, सकाळी भरू.” वर जाऊन पाहिलं तर एका कोपऱ्यात सळया बांधायच्या राहिल्या होत्या, विजेचे पाइप टाकलेच नव्हते आणि सकाळी सातला काँक्रीटच्या गाड्या येणार होत्या. मी सगळ्यांसमोर ओरडले. गाड्या रद्द केल्या, दोन दिवस गेले. नंतर चहाच्या टपरीवर तो हळूच म्हणाला, “मागच्या वेळी खरं सांगितलं तेव्हाबी तुम्ही असंच बोललात.” खरं होतं ते. उशीर लपवायला मीच त्याला शिकवलं होतं आणि कागदावर त्याच प्रश्नाला बरोबर उत्तर देत होते. तेव्हापासून सराव परीक्षेतल्या माणसांच्या प्रत्येक प्रश्नापुढे मी लिहायला लागले: असं झालं तेव्हा मी काय केलं होतं? उत्तर चुकलेलं असो वा बरोबर, हा रकाना भराच. माझ्या तयारीतला सगळ्यात उपयोगी भाग तोच ठरला.

शेवटच्या तीन आठवड्यांत निदान दोन सराव परीक्षा एका बैठकीत पूर्ण द्या. १८० प्रश्न आणि जवळजवळ चार तास, म्हणजे प्रश्नाला सव्वा मिनिटाच्या आसपास. ज्ञानाआधी पाठ आणि डोळे थकतात. पास व्हायला किती गुण लागतात हे जाहीर केलेलं नसतं, त्यामुळे काठावरचं गणित मांडत बसू नका. घरून परीक्षा देणार असाल तर रिकामं टेबल, बंद दार आणि वीज गेली तरी चालणारं इंटरनेट हवं. तिन्हींची खात्री नसेल तर केंद्रच बरं.

पास झाल्यावर दर तीन वर्षांत ६० पीडीयू (शिकण्या-शिकवण्याचे मोजलेले एकक) मिळवून प्रमाणपत्र जिवंत ठेवावं लागतं. काही वेबिनार ऐकून होतील, पण थोडे तरी कुणाला शिकवून मिळवा. साइटवरच्या नव्या इंजिनिअरला स्लॅबचा तो हिशोब त्याच्याच आकड्यांवर करून दाखवा. आणि वहीचं पहिलं पान सहा महिन्यांनी उघडून, तारीख घालून, ‘मी ठरवलं’ अशी वाक्यं पुन्हा मोजा.